क्लाइव्ह सलिव्हन : नदीच्या दोन्ही काठांनी आपला म्हटलेला खेळाडू

ज्या पोराला पुढे धड चालता येईल की नाही अशी शंका डॉक्टरांना होती, तो ब्रिटनच्या रग्बी लीग संघाचा कर्णधार झाला आणि विश्वचषक जिंकून आला. त्याचं नाव क्लाइव्ह सलिव्हन. आपल्याकडे क्रिकेट सोडून बाकी खेळांची चौकशी कमीच, त्यामुळे हे नाव अनेकांना नवं वाटेल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हल शहरात मात्र ते लहान पोरांनाही ठाऊक असतं.

जन्म ९ एप्रिल १९४३, वेल्सची राजधानी कार्डिफ. घर कृष्णवर्णीय, कामगार वस्तीतलं. लहानपणीच पाय, पावलं, खांदे यांच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. शाळा सुटल्यावर मोटार दुरुस्ती, रंगकाम अशी मिळतील ती कामं केली आणि मग तो सैन्यात भरती झाला. तिथे रग्बीच्या एका सामन्यासाठी त्याचं नाव लागलं. जुनं दुखणं सांगावं तर नोकरी जायची भीती. गप्प राहून तो मैदानात उतरला आणि असा पळाला की पायांबद्दलची शंका तिथेच मिटली.

इथे थोडं खेळाबद्दल सांगायला हवं. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई मागितली आणि त्यावरून रग्बीची दोन घरं झाली. युनियन म्हणजे पंधरा खेळाडूंची, बिनपैशाची. लीग तेरा जणांची, पैसे देणारी. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. समोरचे अंगावर येऊन पकडतात, कबड्डीतल्या पकडीसारखेच, पण इथे पळायला शंभर मीटरचं मैदान. चेंडू पलीकडच्या रेषेपार नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय. वेल्समध्ये मान युनियनला होता. लीगचे पैसे घेतले की युनियनचे दरवाजे कायमचे बंद! तरी कार्डिफच्या बंदरभागातली कृष्णवर्णीय पोरं उत्तरेला जायची, कारण घरी त्यांना संधी देणारं फारसं कोणी नव्हतं. बिली बॉस्टन असाच विगनला गेला होता.

सलिव्हनला आधी ब्रॅडफर्डने चाचणी घेऊन परत पाठवलं. १९६१ मध्ये हल क्लबने त्याला खरं नाव लपवून एका सामन्यात खेळवलं. त्याने तीन ट्राय केले. दुसऱ्याच दिवशी करार झाला. पुढे मोटार अपघातात तो मरता मरता वाचला, गुडघ्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, पण वेग काही गेला नाही. हलसाठी ३५२ सामन्यांत त्याने २५० ट्राय केले. १९६८ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध एकट्याने तीन केले.

१९७२ मध्ये त्याला ब्रिटनचं कर्णधारपद मिळालं. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. त्या वर्षीचा विश्वचषक फ्रान्समध्ये होता. सलिव्हनने चारही सामन्यांत ट्राय केला. लिऑनच्या अंतिम सामन्याला प्रेक्षक जेमतेम चार हजारांच्या वर, समोर ऑस्ट्रेलिया. त्याने आपल्या बाजूकडून चेंडू घेतला तो जवळजवळ सगळं मैदान पार करूनच थांबला. जादा वेळेनंतरही १०-१० अशी बरोबरी राहिली आणि साखळीतल्या सरस कामगिरीवर चषक ब्रिटनला मिळाला. त्यानंतर अर्धं शतक उलटलं, तो पुन्हा ब्रिटनच्या किंवा इंग्लंडच्या हाती आलेला नाही.

हलमध्ये मात्र खरी गोष्ट पुढेच आहे. या शहराच्या मधून हल नावाचीच नदी वाहते. पश्चिमेला मासेमारीवर जगणारी वस्ती, तिचा क्लब काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हल. पूर्वेला गोदी कामगार, त्यांचा क्लब लाल-पांढरा हल किंग्स्टन रोव्हर्स. घरात सून पलीकडच्या काठची आली तरी सामन्याच्या दिवशी अबोला धरावा, असा मामला. तेरा वर्षं पश्चिमेकडे खेळून सलिव्हन १९७४ मध्ये नदी ओलांडून रोव्हर्सकडे गेला. दुसऱ्या कोणाला हे पचलं नसतं. याला दोन्ही काठांनी आपलाच मानलं. रोव्हर्सकडून त्याने ११८ ट्राय केले. १९८० मध्ये वेम्बलीवर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हे दोन शेजारीच समोरासमोर आले. सगळं शहर लंडनला निघालं होतं. शेवटच्याने जाताना दिवे मालवावेत, अशी पाटीही रस्त्यावर कोणी लावली होती. रोव्हर्स १०-५ ने जिंकले. सलिव्हन तेव्हा ३७ वर्षांचा होता, लाल-पांढऱ्या पोशाखात.

मग ओल्डहॅममध्ये थोडा काळ, आणि पुन्हा जुन्या हलकडे, आता शिकवायला. १९८२ च्या चॅलेंज कपचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, फेरसामन्याला माणूस कमी पडला. प्रशिक्षकानेच बूट चढवले, ३९ व्या वर्षी. हलने विडनेसला १८-९ ने हरवलं. एकाच शहराच्या दोन वैऱ्यांसाठी हा कप जिंकणं म्हणजे काय, ते हलवाल्यांनाच विचारावं.

नंतर डॉन्कास्टरमध्ये तो खेळाडू-प्रशिक्षक होता. तळाशी रखडणारा, पैशाची चणचण असलेला क्लब. तिथे नाव होण्यासारखं काही नव्हतं, तरी गेला. पुढे हलमध्येच दुय्यम संघातल्या पोरांना शिकवू लागला. प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द फुलायला अजून वेळ होता, पण कॅन्सरने तो दिला नाही. ८ ऑक्टोबर १९८५ ला तो गेला, वय ४२.

हंबर पुलाकडून शहरात येणाऱ्या मुख्य रस्त्याला त्याच वर्षी क्लाइव्ह सलिव्हन वे हे नाव मिळालं. त्याच्या नावाच्या स्मृतिचषकासाठी दोन्ही क्लब खेळतात. मुलगा अँथनी वेल्सकडून लीग आणि युनियन दोन्ही खेळला, तोवर ती जुनी बंदी उठली होती. आणि २०२३ मध्ये कार्डिफच्या बंदरभागात तीन पुतळे उभे राहिले: बिली बॉस्टन, गस रिसमन आणि सलिव्हन, खेळायला गाव सोडून उत्तरेला गेलेले तिघे.