अध्यक्षांविरुद्धचा ठराव

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म 1888 मध्ये बडोद्यास झाला. अहमदाबादेत वकिली करणारे हे मराठी गृहस्थ 1937 मध्ये मुंबई विधानसभेचे आणि 1952 मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. कोणता ठराव दाखल करून घ्यावा, कोणती उपसूचना विषयाबाहेरची, याचा निर्णय देण्यातच त्यांची उमेदीची वर्षे गेली. 18 डिसेंबर 1954 रोजी मात्र त्यांच्याच निःपक्षपातीपणाविषयी शंका घेणारा, त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेपुढे आला. त्या वेळी अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष अय्यंगार होते. रीतसर चर्चा होऊन ठराव फेटाळला गेला. 1956 मध्ये मावळंकर निवर्तले. आपल्या संस्थांच्या वार्षिक सभांत अध्यक्षांविरुद्धचा ठराव निदान कार्यक्रमपत्रिकेपर्यंत तरी पोहोचतो काय?