सत्येंद्रनाथ बोस : विज्ञान आणि मातृभाषा

अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजेच पुढचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ साली सुरू झाले. त्या वेळी पूर्व बंगालमधील ढाका विद्यापीठाचे वय अवघे दोन वर्षांचे होते. तेथे सत्येंद्रनाथ बोस हे तिशीच्या उंबरठ्यावरील अध्यापक पदार्थविज्ञान शिकवीत असत. मोठ्या शहराबाहेर मूलगामी विचार संभवत नाही, अशी समजूत करून घेतलेल्या वऱ्हाडातील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र मुद्दाम अभ्यासावे.

१ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय हे त्यांचे गुरू, तर मेघनाद साहा हे सहाध्यायी. १९१५ साली एम. एस्सी.ला ते पहिले आले. डॉक्टरेट मात्र त्यांनी कधीच मिळविली नाही. १९२१ साली ते ढाक्यास गेले. प्रकाशाच्या प्रारणाविषयीचा प्लांकचा नियम शिकविताना त्याच्या सिद्धतेतील विसंगती त्यांना खटकू लागली.

त्यांनी शोधलेला मार्ग ज्वारीच्या दाण्यांवरून समजावून घेता येईल. दोन वाट्यांत दोन दाणे टाकायचे आहेत. दाणे वेगवेगळे ओळखता येत असतील, तर मांडणीचे चार प्रकार होतात आणि त्यांपैकी दोहोंत दोन्ही दाणे एकाच वाटीत असतात. दाणे मुळीच वेगळे ओळखता येत नसतील, तर प्रकार तीनच उरतात. तरीही दाणे एकत्र असण्याचे प्रकार दोनच राहतात. म्हणजे अशा कणांचा कल एकत्र येण्याकडे अधिक. प्रकाशकणांची मोजणी बोस यांनी याच रीतीने केली आणि प्लांकचा नियम निर्दोषपणे सिद्ध झाला.

जून १९२४ मध्ये त्यांनी हा निबंध आइनस्टाइन यांच्याकडे धाडला. आइनस्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला आणि तीच मोजणी वायूच्या अणूंना लावली. पुरेशा थंडीत असंख्य अणू एकाच किमान ऊर्जेच्या अवस्थेत गोळा होतील, असे भाकीत त्यातून निघाले. हेच बोस-आइनस्टाइन संघनन होय. १९९५ साली अमेरिकेत रुबिडियमच्या अणूंवर ते प्रत्यक्ष घडविण्यात आले.

द्रव्य जितके घन, तितक्या अधिक तापमानाला हे संघनन संभवते. त्यामुळे अभ्यासकांची दृष्टी श्वेतबटू ताऱ्यांकडे वळली. सूर्याच्या तोडीचे वस्तुमान पृथ्वीएवढ्या आकारात दाबले गेलेले हे तारे. त्यांपैकी काहींत हेलियमची अणुकेंद्रे इलेक्ट्रॉनांच्या सागरात वावरतात. ही केंद्रे धनभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात. तारा निवू लागला की त्यांनी स्फटिकासारखी रचना धरावी, हे स्वाभाविक. परंतु हेलियमच्या हलक्या केंद्रांच्या बाबतीत स्फटिक बनण्यापूर्वीच त्यांचे संघनन होऊ शकेल, असा सिद्धांत या शतकात मांडला गेला आहे. निरीक्षणाने तो सिद्ध व्हावयाचा आहे; पण त्याचा पाया ढाक्याच्या त्या मोजणीतच आहे.

कीर्ती मिळाल्यावरही सत्येंद्रनाथ शिक्षकच राहिले. विज्ञान मातृभाषेत शिकविता येत नाही, हे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. १९४८ साली त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि बंगालीतून विज्ञानाचे मासिक चालविले. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये, अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये आणि अमरावतीचे विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. संस्थांची उणीव आता सांगता येणार नाही. आपल्या वर्गातील खेड्यातून आलेला मुलगा सूत्र पाठ करतो, पण ते आपल्या भाषेत उलगडून सांगू शकत नाही, हे खरे दुखणे आहे. जे उलगडता येत नाही, त्यातील विसंगती त्याला खटकणार तरी कशी? सत्येंद्रनाथांचा शोध अशा खटकण्यातूनच जन्मला. ते खटकणे मुलांत जागे ठेवण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. फळा, खडू आणि मराठीतून शंका विचारण्याची मुभा एवढे पुरते.