ग्रंथकार जोतीराव

(द्वितीय वर्ष, कला)

शाळेच्या पाठ्यपुस्तकातून आपणा सर्वांना महात्मा जोतीराव फुले भेटतात, ते मुलींच्या शाळेचे संस्थापक आणि सत्यशोधक समाजाचे प्रवर्तक म्हणून. या दोन ओळखींच्या मागे त्यांची तिसरी ओळख झाकली जाते. जोतीराव हे ग्रंथकार होते. त्यांचे लिखाण मान्यवरांनी नाकारले, काही वेळा स्वकीयांनीही अडवले, तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. आपल्यापैकी अनेकजण घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलो आहोत. आपण तर ही कहाणी जाणून घेतलीच पाहिजे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे माळ्याचे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. फुलांच्या धंद्यामुळे गोऱ्हे हे आडनाव मागे पडले आणि फुले हे नाव पडले. लोकांच्या बोलण्यावरून वडील गोविंदरावांनी मुलाची शाळा बंद केली. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली जोतीराव पुन्हा पुण्याच्या मिशनरी शाळेत जाऊ लागले. थॉमस पेनचे ग्रंथ त्यांनी तरुणपणीच वाचले. १८४८ साली त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८५२ मध्ये सरकारने विश्रामबाग वाड्यात त्यांचा जाहीर सत्कार केला.

असा सन्मान झालेल्या माणसाने १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक गरीब कुणबी, त्याची गरोदर बायको आणि ग्रहदशेची भीती घालून त्यांना नागवणारा जोशी, असा त्याचा विषय. शेवटी ते जोडपे शिकायचे ठरवते. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रज अमदानीत मराठी ग्रंथांना बक्षिसे दिली जात. जोतीरावांनी आपले नाटक त्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त नमूद केले आहे. हे नाटक १९७९ साली 'पुरोगामी सत्यशोधक' मधून प्रथम छापून आले. लिहिणे आणि छापणे यांत सव्वाशे वर्षांचे अंतर पडले! वेळीच प्रसिद्ध झाले असते, तर मराठी नाटकाच्या इतिहासाचे पहिले पान कदाचित वेगळे दिसले असते.

या नकारानंतर बरीच वर्षे जोतीरावांचे पुस्तक निघाले नाही. पण ते स्वस्थ बसले नव्हते. ते बांधकामाची कंत्राटे घेत. हा धंदा त्यांनी सचोटीने केला, त्यामुळे पोटासाठी कोणाच्या मर्जीवर राहण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. ग्रंथकाराच्या चरित्रात दगड-चुन्याच्या व्यवहाराचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण ज्याची भाकरी स्वतःची, त्याचीच लेखणी स्वतःची राहते, हे येथे दिसून येते.

१८६९ साली त्यांचा शिवाजी महाराजांवरील पवाडा आणि 'ब्राह्मणांचे कसब' ही पुस्तके निघाली. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना त्यांनी ती अर्पण केली. ती धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात आहे. आता कमिटीच्या शिफारशीची गरज उरली नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. तथापि जोतीरावांनी आपली रोखठोक भाषा बदलली नाही.

यापुढचा नकार अधिक बोचणारा होता, कारण तो घरचा होता. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. सत्यशोधक चळवळीचे पत्र 'दीनबंधु' तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे चालवीत. त्यांनी पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची तीन छापण्याचे टाळले. गोऱ्या अंमलदारांच्या ऐषआरामावरही त्या पुस्तकात सडकून टीका आहे. लहानशा पत्राच्या संपादकाला भय वाटले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. जोतीरावांना मात्र याचा संताप आला आणि तो त्यांनी लपवला नाही.

मग त्यांनी काय केले? आधीपासून जे करीत होते, तेच! ग्रंथ जसजसा लिहून होत होता, तसतसा ते तो लोकांना वाचून दाखवीत होते. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी 'असूड' ऐकला गेला. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला आणि द्रव्यसाहाय्य केले. ज्या शेतकऱ्यासाठी तो लिहिला त्याला वाचता येत नव्हते, तेव्हा त्याच्यापर्यंत पोहोचण्याची हीच खरी रीत होती. मी गेल्या सुटीत घरच्या ओसरीवर त्यातील चौथे प्रकरण मोठ्याने वाचले. शेतकऱ्याचे घर, त्याचे कर्ज, त्याचे जेवण यांचे वर्णन त्यात आहे. माझ्या वडिलांना सहीपुरतेच लिहिता येते. चार-दोन जुने शब्द सोडले, तर त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. मधेच त्यांनी एवढेच विचारले, की हा माणूस आपल्या लातूरकडचा होता काय?

१८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले. जोतीरावांनी ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आपल्या लोकांचे दुःख नाही आणि जे त्यांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेत बसून काय साधणार, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. तीस वर्षांपूर्वी कमिटीने त्यांना नाकारले होते. आता नकार देण्याची पाळी त्यांची होती. त्याच वर्षी त्यांनी 'सत्सार'चे दोन अंक आणि 'इशारा' प्रसिद्ध केले.

१८८८ साली त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि १८९१ मध्ये दत्तकपुत्र यशवंत यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले. १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय काढले. ज्याचे नाटक सरकारी बक्षिसाला अपात्र ठरले होते, त्याचे ग्रंथ शेवटी सरकारी मंडळानेच छापले!

जोतीराव ज्या काळी लिहीत होते, त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आज नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून त्याच शेतकऱ्यांची मुले-मुली शिकत आहेत. आपल्या वह्यांतही कथा आहेत, कविता आहेत. आपली भाषा गावंढळ आहे, हे कोण छापणार, या भीतीने त्या वह्या मिटून ठेवल्या जातात. मित्रहो, छापणारा न मिळाला तर ऐकणारे शोधावेत, आणि पुढे ऐपत आली की स्वतः छापावे, हा धडा या माळ्याच्या मुलाने घालून दिला आहे. तो गिरवणे आपल्या हाती आहे.