राक्षसाच्या मांडीचे गणित

सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ १९५८ ते १९६१ या काळात एका अजस्र प्राण्याची हाडे सापडली. ज्युरासिक काळातल्या या डायनोसॉरच्या मांडीचे एकटे हाडच सुमारे १.७ मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढे आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी हे उत्खनन केले. १९७५ साली या प्राण्याला बारापासॉरस हे नाव मिळाले. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. एवढ्या प्रचंड देहाला एवढेच जाड पाय का लागतात, याचे सोपे गणित १९२६ सालीच मांडणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ ते १९६१ या काळात याच संस्थेत काम करत होते.

हाल्डेन यांचा जन्म १८९२ सालचा, इंग्लंडमधील ऑक्सफर्डचा. वडील नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीतल्या विषारी वायूंच्या अभ्यासाला ते मुलालाही बरोबर नेत. पुढे मुलानेही स्वतःच्या शरीरालाच प्रयोगशाळा केले. अमोनियम क्लोराइड पिऊन त्यांनी आपल्या रक्तातली आम्लता वाढवली. त्या अनुभवाचा उपयोग तान्ह्या मुलांना टिटॅनीत येणाऱ्या पेटक्यांवर झाला. १९३९ साली ‘थेटिस’ पाणबुडी बुडून ९९ माणसे दगावली, तेव्हा आत कोंडलेल्यांचे काय झाले असेल हे समजण्यासाठी ते स्वतः बंद दालनात बसले. आनुवंशिकतेला गणिताची जोड देणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. गंमत म्हणजे, त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती.

कल्पनारम्य साहित्य त्यांनी आवडीने वाचले, पण वाचताना ते हिशेब सोडत नसत. लहानपणी पाहिलेल्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’च्या सचित्र प्रतीत साठ फुटी राक्षस होते. हाल्डेन यांनी आकडे मांडले. राक्षस माणसाच्या दहापट उंच असेल तर लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दहापट. म्हणून वजन हजारपट. हाडाचा छेद मात्र शंभरपटच मोठा. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार. पहिल्याच पावलाला मांडी मोडणार! खऱ्या महाकाय प्राण्यांना म्हणूनच खांबासारखे पाय असतात. वाढत्या वजनाने आपले गुडघे का कुरकुरतात, याचे उत्तरही याच गणिताजवळ आहे.

सी. एस. लुइस यांच्या अंतराळप्रवासाच्या तीन कादंबऱ्यांवर त्यांनी १९४६ साली कडक टीका लिहिली. त्यांतल्या शास्त्रीय चुका त्यांनी दाखवल्या; पण खरा राग वेगळाच होता. संशोधन करणारा माणूस म्हणजे सैतानाचा हस्तक, हे चित्र त्यांना मान्य नव्हते. लुइस यांनी त्यावर उत्तरही लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले.

हाल्डेन यांच्या कल्पनांनी दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांनाही खाद्य पुरवले. १९२३ साली केंब्रिजच्या एका व्याख्यानात त्यांनी आईच्या उदराबाहेर वाढणाऱ्या मुलांची कल्पना मांडली. ऑल्डस हक्सले यांच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये ती भयप्रद रूपात आली. आजही गर्भ पूर्ण वाढतो तो आईच्या उदरातच. पण शरीराबाहेर गर्भधारणा घडवून पहिले मूल १९७८ साली जन्मले, आणि १९८६ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातही.

१९५७ मध्ये भारतात आल्यावर ते इथलेच झाले. भारतीय नागरिकत्व घेतले, पुढे भुवनेश्वरला स्थायिक झाले. १९६३ साली अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. निदान झाले मलाशयाच्या कर्करोगाचे. लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि पोटावर शौचाची वेगळी वाट करावी लागली. त्या काळी हा आजार कुजबुजत सांगायचा होता. हाल्डेन यांनी त्यावर चक्क विनोदी कविता लिहून फेब्रुवारी १९६४ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात छापली. लाजू नका, लवकर तपासून घ्या, हा तिचा रोख होता. काहींना ती रुचली नाही.

तिचा सल्ला आजही तितकाच खरा आहे. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना घटणारे वजन किंवा कमी होणारे हिमोग्लोबिन, यांपैकी काहीही असेल तर तपासणी हवी. मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती औषध घेत राहणे महागात पडते. मूळव्याध असली तरी ती तपासूनच ठरवावी. बोटाने केलेल्या साध्या तपासणीतही पुष्कळदा मलाशयातली गाठ हाताला लागते.

हाल्डेन यांचा आजार उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. आयुष्यभर प्रयोगांसाठी वापरलेला देह त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी ठेवला होता. इच्छेप्रमाणे तो काकीनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी देण्यात आला.