टीबीनंतरचे गाणे : पंडित कुमार गंधर्व

घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात टीबीचे निदान सांगितले, की पहिला प्रश्न बहुतेक वेळा औषधांबद्दल नसतो. नोकरीचे काय, लग्नाचे काय, पुन्हा पूर्वीसारखे जगता येईल का, हे आधी विचारले जाते. तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या मनात हाच प्रश्न असेल, तर पंडित कुमार गंधर्वांची गोष्ट जरूर वाचा.

ऐन उमेदीत आलेला आजार

कुमारजींचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा. लहानपणीच ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात. ते ऐकून एका स्वामींनी त्यांना 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली आणि पुढे तेच त्यांचे नाव झाले. शिक्षणासाठी ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे आले. ऑपेरा हाऊसजवळच्या देवधरांच्या संगीत विद्यालयात ते शिकले आणि शिकवूही लागले. तिथल्याच भानुमतींशी 1947 मध्ये त्यांचा विवाह झाला.

त्याच सुमारास फुप्फुसाचा टीबी असल्याचे कळले. तेव्हा ते 23 वर्षांचे होते आणि देशभर नाव झालेले होते. कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीत ते माळव्यातल्या देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणे पूर्ण बंद करायला सांगितले.

गाणे का बंद केले?

तुम्हाला हा सल्ला कठोर वाटेल. पण तोपर्यंत टीबीवर खात्रीचे औषध सहज मिळत नव्हते. चांगली हवा, पौष्टिक आहार आणि फुप्फुसाला विश्रांती, एवढेच उपचार डॉक्टरांच्या हाती होते. आवाज स्वरयंत्रात तयार होतो, पण त्याला लागणारी हवा फुप्फुसातून येते. तान घेताना फुप्फुसावर ताण पडतो, आणि आजारी फुप्फुसातून रक्त येण्याची भीती असते.

जवळजवळ पाच-सहा वर्षे कुमारजी गायले नाहीत. भानुमतींनी शाळेत नोकरी करून घर चालवले आणि त्यांची शुश्रूषाही केली. घरातल्या माणसाचा आधार म्हणजे काय, ते इथे दिसते.

अंथरुणावरचा अभ्यास

गाता येत नव्हते, पण ऐकता येत होते. खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायकांची लोकगीते आणि फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजने कानावर येत. कुमारजी ते सूर मनात साठवत राहिले. या लोकधुनांतच रागांचे मूळ आहे, असे त्यांना जाणवले. पुढे त्यांनी अशा धुनांवरून नवे राग बांधले. त्यांना 'धुनउगम राग' म्हणतात. सहेली तोडी, लगनगांधार ही त्यांतली नावे.

बरे कशाने झाले?

इथे गैरसमज नको. कुमारजींचा टीबी संगीताने किंवा नुसत्या इच्छाशक्तीने बरा झाला नाही. स्ट्रेप्टोमायसिन हे त्या काळचे नवे औषध मिळाले आणि आजार आटोक्यात आला. 1953 मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले.

मात्र एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. टीबीचे जंतू मेले तरी फुप्फुसात पडलेले व्रण राहतात, आणि तेवढा भाग पुन्हा काम करत नाही. कुमारजींच्या गाण्यात लांबलचक तानांऐवजी छोट्या, नेमक्या, टोकदार स्वरसमूहांना जागा मिळाली. यात श्वासाची मर्यादा किती आणि त्यांचा स्वतःचा सांगीतिक विचार किती, हे जाणकारांवर सोडू. पण ते जुने गाणे कसेबसे पुन्हा गात बसले नाहीत. 1965 मध्ये त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ आला. कबीराची निर्गुणी भजने त्यांच्यामुळे घराघरांत पोहोचली. 1990 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. 12 जानेवारी 1992 रोजी देवासला त्यांचे निधन झाले. म्हणजे आजारानंतर जवळजवळ चाळीस वर्षे ते गात होते.

तुमच्यासाठी यात काय?

कुमारजींना औषधाची वाट पाहावी लागली. तुम्हाला ती पाहावी लागत नाही. आज साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत औषधे मोफत मिळतात. बहुतेकांना अंथरुणाला खिळून राहावे लागत नाही.

• खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, संध्याकाळी ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. निदान जितके लवकर, तितके फुप्फुस जास्त वाचते.

• दीड-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि अनेक जण तिथेच गोळ्या सोडतात. तसे करू नका. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार अवघड होतो. म्हणूनच एकच औषध न देता तीन-चार औषधे एकत्र देतात.

• गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका. पण सतत उलट्या, डोळे पिवळे होणे किंवा नजर अंधुक होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

• घर लहान असले तरी खिडक्या उघड्या ठेवा आणि सुरुवातीला मास्क वापरा. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या.

• उपचार संपल्यावरही दम लागत असेल, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा. श्वासाच्या व्यायामांनी बराच फरक पडतो.

उपचाराच्या काळात काही गोष्टी थांबवाव्या लागतील. पण थांबणे म्हणजे संपणे नव्हे. गोळ्या पूर्ण करा, आणि बरे झाल्यावर काय करायचे आहे ते आजपासूनच मनात धरा.