रमाबाई रानडे व रुग्णसेवेचे शिक्षण

नवरात्रात तुळजापुरास किती लोक लोटतात हे आपणांस ठाऊक आहेच. त्या गर्दीत एखादी परकी बाई तापाने वाटेवर पडली, तर पाण्याचा तांब्या घेऊन पुष्कळ जण धावतात. पण तिची ओकारी पुसावयास व मळलेले लुगडे बदलावयास क्वचितच कोणी बसते. हे काम शिकावे लागते, आणि शिकण्याआधी मनातील विटाळ टाकावा लागतो. ज्या बाईने हे ओळखले तिचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगतो.

रमाबाईंचा जन्म सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने ती करून दिली. घरातील वडील बायकांस हे रुचले नाही. इंग्रजी शिकविणाऱ्या मडमेजवळ बसून आल्यावर रमाबाईंस स्नान करावे लागे. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला, त्यात त्या जाऊ लागल्या. पुढे पंडिताबाईंनी प्रभू ख्रिस्ताचा स्वीकार केला. रानडेबाई आपल्याच धर्मात राहिल्या. वाटा निराळ्या झाल्या, तरी विधवांविषयीचा कळवळा दोघींच्याही ठायी होता.

१९०१ साली रानडे वारले. त्यानंतर सुमारे एक वर्ष रमाबाई एकांतात राहिल्या. मग त्यांनी दुःख बाजूस ठेवून कामास हात घातला. १९०८ साली मुंबईस व १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले. पुण्यात गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. सेवासदनाने स्त्रियांस ससून इस्पितळात परिचर्येचे शिक्षण मिळण्याची सोय केली. परिचर्येचा धडा वर्गात सुरू होतो, परंतु तो पुरा होतो खाटेजवळच. जखम धुणे, ताप पाहून लिहिणे, रात्रभर जागणे ही कामे पुस्तक वाचून अंगी येत नाहीत. त्या काळी हे काम हलके समजले जाई, आणि कुलीन घरची बाई परक्याच्या अंगास हात लावते यास लोक नावे ठेवीत. एकेकाळी मडमेच्या स्पर्शाबद्दल जिला नाहावे लागे, तिनेच आता विधवांस सर्व जातींच्या रोग्यांजवळ पाठविले!

एकदा सेवासदनाच्या समारंभात एक केशवपन केलेली विधवा बक्षीस घ्यावयास उठली, तेव्हा कॉलेजच्या मुलांनी तिची टर उडविली. रमाबाईंनी भरसभेत त्यांची कानउघाडणी केली व अशा शिक्षणाचा उपयोग काय, असे त्यांस विचारले. आळंदीच्या यात्रेतही त्या स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीस स्वयंसेविका घेऊन जात. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले.

बंधुजनहो, हे सांगण्यास कारण आहे. आमच्या मंडळीतील एका गृहस्थाची कन्या परिचारिका होऊ इच्छिते. रात्रपाळी, परक्या पुरुषांची शुश्रूषा आणि पुढे लग्न जुळेल की नाही, या काळजीने पिता नको म्हणतो. त्याची काळजी खोटी नाही, म्हणून आम्ही त्यास दोष दिला नाही. पण ज्याने शिष्यांचे पाय धुतले त्याचे नाव आपण धारण केले आहे. मग आपल्या लेकींनी रोग्याचे पाय धुतले तर आपली मान खाली का जावी? त्या गृहस्थाने अद्याप होकार दिलेला नाही. येत्या रविवारी त्याच्याकरिता व त्या मुलीकरिता प्रार्थना करावी, आणि आपल्या घरातही अशी एखादी मुलगी वाट पाहत आहे काय, हे विचारून पाहावे.