चमत्कारामागचे विज्ञान सांगणारा डॉक्टर

होमकुंडात समिधा रचलेल्या. बुवा तुपाची धार सोडतो, मंत्र पुटपुटतो आणि काही क्षणांत काडी न ओढताच अग्नी प्रकट होतो. शाळेच्या पटांगणात बसलेली मुले थक्क होतात. मग बुवा झालेला कार्यकर्ताच गुपित फोडतो : तूप नव्हे, ते ग्लिसरीन होते, समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड दडविलेली होती. दोहोंच्या रासायनिक क्रियेतून निर्माण होणाऱ्या उष्णतेने ग्लिसरीनच पेट घेते. (मुलांनी घरी करून पाहण्याजोगा हा प्रयोग अर्थातच नाही.) आधी चमत्कार, मग त्याचे कारण, ही रीत महाराष्ट्रातील शाळाशाळांत पोहोचविण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा मोठा वाटा होता. त्यांना जाऊन एक तप उलटले.

दाभोलकरांचा जन्म १ नोव्हेंबर १९४५ चा, साताऱ्याचा. दहा भावंडांत ते धाकटे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एमबीबीएस पदवी घेतली. कबड्डीच्या मैदानावर शिवछत्रपती पुरस्कारापर्यंत मजल मारली. सुमारे बारा वर्षांचा वैद्यकीय व्यवसाय सोडून ते समाजकार्यात उतरले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. १९९८ पासून ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादकपदही त्यांच्याकडे होते.

हातचलाखी दाखवून टाळ्या मिळविणे सोपे असते. दाभोलकर तेथे थांबले नाहीत. प्रत्येक कार्यामागे कारण असते आणि ते शोधता येते, ही सवय मुलांच्या मनाला लागावी, हा त्यांचा खरा आग्रह. त्यांचा विरोध देवाधर्माला नव्हता. श्रद्धेच्या आडून चालणाऱ्या शोषणाला होता. हा भेद विरोधकांनी फारसा लक्षात घेतला नाही.

नगर जिल्ह्यालाही त्यांचा लढा परिचित होता. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा, यासाठी २००० साली त्यांनी डॉ. श्रीराम लागू यांच्यासह आंदोलन केले. तो प्रवेश प्रत्यक्षात खुला झाला ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला.

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. विधेयक मात्र रखडत राहिले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघालेल्या दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. या खटल्यात पुण्याच्या न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप सुनावली, तर तिघांची निर्दोष मुक्तता केली. हत्येनंतर चारच दिवसांत शासनाने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे व लोकांना फसविणे त्यान्वये गुन्हा ठरले.